वहिनी, गंज पास की नापास?

वहिनी, आधी भांडण आणि मग रडणं. आपल्या घरात क्रम हाच होता. आता तुम्ही नाही म्हणून तो बदलायचं काही कारण नाही.

तर भांडण असं, की तुम्ही निकाल न सांगता गेलात. माझ्या डोक्यातून निघालेलं जवळजवळ प्रत्येक भांडं तुम्ही माझ्या तोंडावर नापास केलंत, आणि तेव्हा शब्दांची काटकसर कधी केली नाहीत. ज्या एका भांड्याच्या निकालाकडे सगळा कारखाना डोळे लावून बसला होता, त्याची वेळ आली तेव्हा मात्र म्हणालात, "जराशी पडते मी, भाऊजी. चहा झाला का हाक मारजा." चहा झाला. हाक मारली. पुष्कळ मारल्या. त्या चहाचं पुढे काय झालं, कोणी ओतून दिला की तसाच आटून गेला, मला आठवत नाही.

काल तुमची तेरवी झाली. वर्तमानपत्रात दादानं चार ओळी दिल्या आहेत. तुमचं नाव, माहेर, मागे कोण कोण राहिलं, सगळं त्यात नीट आलेलं आहे. त्यातलं इथं काही नाही. इथं फक्त गंजाचं.

गंज म्हणजे काय ते नागपूरच्या बाहेर सांगावं लागतं. पुण्याकडचे लोक त्याला पातेलं म्हणतात. आपल्याकडे भात गंजात शिजतो, दूध गंजात तापतं, आणि मस्कासाथेतल्या आपल्या घराचं पोट त्या गंजावरच चालतं. पुढे घर, मागे कारखाना, मधे अंगण. वडिलांच्या, आबाजींच्या वेळी तिथं पाणी भरायचे पितळेचे गुंड ठोकले जायचे. दिवसभर असा आवाज, की आपल्या घरातली माणसं अजूनही ओरडूनच बोलतात. मग दादानं लेथ आणला आणि आपण जर्मनवर आलो. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन का म्हणतात ते जर्मनीलाच ठाऊक. पत्र्याची गोल चकती लेथवर फिरवायची, दाबत दाबत साच्यावर बसवायची, की झाला गंज. दिसायला सोपं. मी बिघडवून दाखवेपर्यंत सगळ्यांना सोपंच वाटायचं.

तुम्ही नव्या सूनबाई होतात. रामटेककडच्या, धानाच्या मुलखातल्या. भाताच्या बाबतीत तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी जेवताना आबाजींनी विचारलं, "सूनबाई, भात काहून लागला आज?"

सासऱ्यासमोर तुम्ही तोवर एक शब्द बोलला नव्हतात. दाराआडून आवाज आला, "भात मी नाई लावला जी. गंजानं लावला."

मी इंटरला पहिल्यांदा नापास होऊन घरी बसलो होतो. हसू आलं आणि भाताचं शीत नाकात गेलं. दादा ताटात असा बघत राहिला, की जणू पत्र्याचा भाव वरणावर लिहून आला आहे. आबाजींनी शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले, गंज मागवला, उन्हाकडे धरला, बुडावर बोटाच्या पेरानं वाजवला.

"बुडाच्या वळणावर पत्रा कागद होऊन गेला आहे गा," ते दादाला म्हणाले. "लेथवर लय ताणला तू." मग दाराकडे न बघता म्हणाले, "आजपासून कोणतंही नवं भांडं आधी सूनबाईच्या चुलीवर. तिनं 'पाठवा' म्हटल्याबिगर इतवारीच्या बाजारात जायचं नाई."

झालं. त्या दिवसापासून आपल्या कारखान्यातलं शेवटचं खातं स्वयंपाकघरात उघडलं. नव्या घडणीचा पहिला नग तुमच्याकडे. तुमचा अभ्यासक्रम ठरलेला होता. आधी भात, मग वरण, शेवटी दूध. मधे सांडशीनं उचलून बघणं, राखेनं घासून बघणं, धुतल्यावर पाणी कुठं अडून बसतं ते बघणं. अधूनमधून विचारलं तर उत्तर एकच: "पाहून राहिली मी." आणि एखाद्या सकाळी, भाजी चिरता चिरता, मान वर न करता, "पाठवा." पास झालेला नग मग दुकानात जायचा.

नापास झालेला घरातच राहायचा. हे बाहेरच्या कोणाला खरं वाटत नाही. नागपुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत आपली भांडी, आणि आपल्या स्वयंपाकघरात एकही धड भांडं नाही. झाकण बसत नाही असा डबा, एका अंगाला कललेला गडवा, ठेवलं की डुगडुगणारं ताट. त्यातला बराच माल माझ्या बुद्धीचा. त्या किटलीचं तर मी मेल्यावरही नाव निघेल. मी तिच्या तोटीला देखणी कमान दिली होती आणि कमानीच्या नादात तोटीचं टोक झाकणाच्या खाली आलं. जबलपूरचा एक व्यापारी समोर बसलेला, पांढरंशुभ्र धोतर नेसून. मी ऐटीत किटलीत चहा ओतायला लागलो. वरून भरतोय आणि तोटीतून तो पाहुण्याच्या मांडीवर चाललाय, आणि मी आपला किटलीचे गुण सांगतोय. आतून तुमचा आवाज आला, "भाऊजी, किटली भरून राहिले का धोतर?"

सावनेरचे पाहुणे मला बघायला आले तेव्हाचं तुम्ही लोकांना माझ्यापेक्षा चांगलं सांगायचात. आज मी सांगतो, चुकलं तर सांभाळून घ्या. गोदामात उत्तम ताटं होती. दादा म्हणाला, आणून घे चार. तुम्ही म्हणालात, "घर पाहाले येऊन राहिले न थे? मंग घर पाहू द्या." आणि डुगडुगणाऱ्या ताटात पोहे दिलेत. मुलीचे वडील चमचा लावायचे, ताट मान हलवायचं.

"भांड्याचा कारखाना न तुमचा?" त्यांनी विचारलं.

"हो जी," दादा म्हणाला.

"अन् हे ताट?"

"थे नापास आहे जी," तुम्ही दारातून सांगितलंत.

"बरं. मुलगा किती शिकला?"

"इंटर," दादा घाईनं म्हणाला.

"नापास," मी म्हणालो. मला आपलं वाटलं, प्रामाणिकपणाची छाप पडेल.

पाहुण्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "दोन्ही घरचेच आहेत जी. फसवून नाई देत आम्ही कोणाले."

ते स्थळ परत आलं नाही. त्यानंतरही कुठलं टिकलं नाही, आणि त्याचं खापर मी कधी ताटावर फोडलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही पाटवड्यांचा रस्सा केला होतात, झणझणीत. मला वाढलात, पुन्हा वाढलात, आणि त्या विषयावर अवाक्षर काढलं नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिखटानं, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "हाव न, तिखट जरासं जास्तच पडलं आज." पडलं नव्हतं. तुमच्या हातून तिखट कधी जास्त पडलं नाही.

आता मुख्य भांडणाकडे येतो. काठ.

कुठल्याशा परदेशी मासिकात मी एक चित्र पाहिलं होतं. भांड्याला काठच नाही. सरळ भिंत वर येते आणि सुरीनं कापल्यासारखी थांबते. मी वेडाच झालो. आपल्या गंजाची कड बाहेर वळवलेली, जाड, गोल, आबाजींच्या काळापासूनची. मला ती धोतराच्या कासोट्यासारखी जुनाट वाटायला लागली. मी बिनकाठाचा गंज काढला. दादा भंडाऱ्याला लग्नाला गेलेला, आणि माझी खात्री इतकी, की तुमचा निकाल येण्याआधीच मी ढीगभर गंज काढून मोकळा झालो.

तुम्ही दूध तापवलंत. सांडशी लावलीत. उचललात. गंज सांडशीत असा फिरला, की हट्टी बकरीनं दाव्याला हिसका द्यावा. दूध ओट्यावर, ओट्यावरून खाली, आणि मांजर कुठून आलं कोणास ठाऊक.

"सांडलंत न," मी म्हणालो.

"मी नाई सांडलं. याले काठ कुठं आहे धराले?"

"काठाची फॅशन गेली, वहिनी. जुनी झाली."

"बोटं तर जुनीच आहेत न?" तुम्ही म्हणालात आणि ओटा पुसायला घेतलात. "नापास."

दादा परत आला, ढीग बघितला, म्हणाला, "बरं." दादाचं 'बरं' ज्यानं ऐकलं आहे त्यालाच त्याचं वजन कळेल. बहुतेक गंज वितळवले गेले. उरले त्यांतल्या एकात तुळस लागली, एकात शेजारच्या कोंबड्या पाणी प्यायला लागल्या, आणि तान्ह्या पोळ्याला गल्लीतले पोट्टे लाकडी बैलांच्या मागे माझी आधुनिक भांडी बडवत निघाले. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "आवाज मात्र पास आहे, भाऊजी."

त्यातलाच एक सगळ्यांत लहान गंज तुम्ही चहाला घेतलात. रोज. वर्षानुवर्षं. नापास भांड्यात चहा का, असं मी चिडून कितीदा विचारलं असेल. तुम्ही पदराचं टोक गुंडाळायचात, तो गंज उचलायचात, ओतायचात. तुम्हाला कधी पोळलं नाही, थेंब सांडला नाही. मला ते बघून अजूनच राग यायचा. मी म्हणायचो, बघा, येतो की धरता! तुम्ही म्हणायचात, "मले येते. विकत घेणारीले येईन का?" मी म्हणायचो, काठापेक्षा दांडा लावू. तुम्ही म्हणायचात, दांडा ढिला होते, काठ ढिला होत नाही. मग मी चहा पीत पीत दांड्याची बाजू मांडायचो, त्याच गंजातला चहा. असं कित्येक सकाळी चाललं.

तुमचं एक बोलणं मी कधी मान्य केलं नाही. तुम्ही म्हणायचात, सैपाक करताना ज्या भांड्याची आठवण येत नाही ते चांगलं भांडं. मी म्हणायचो, मग बिचाऱ्या चांगल्या भांड्यानं काय मिळवलं? तुम्हाला आठवतात ती तर सगळी माझीच! तुम्ही हसून म्हणायचात, "थेच तर." या 'थेच तर'चा अर्थ तुम्ही काय लावत होतात, आणि मी काय लावावा, हे राहूनच गेलं.

आणि ती गल्लीतली धावपळ. सुशीलाबाईंच्या घरी नातवाचं बारसं होतं. मागच्याच गल्लीत घर, तुमची त्यांची रोजची बैठक. त्यांनी मोठा गंज मागितला. तुम्ही पीठ मळत होतात. मी म्हटलं, आपल्या हातून एखादं तरी काम वेळेवर व्हावं. हाताला लागला तो गंज डोक्यावर पालथा घातला आणि निघालो. मागून हाक आली, "भाऊजी! ठेवा थो गंज! ठेवा म्हणते न!" मी वळून बघितलं तर तुम्ही अनवाणी, हात पिठानं माखलेले, गल्लीतून धावत येताय. एक सायकलवाला मला अडवायला खाली उतरला. त्याला वाटलं, मी भांडी चोरून पळतोय.

तुम्ही गंज माझ्या डोक्यावरून उतरवलात. सुशीलाबाई दारातून म्हणाल्या, "मले चालते न बाई. एका दिवसाचं तर काम."

"तुले चालते वं, मले नाई चालत," तुम्ही म्हणालात. दम लागला होता तुम्हाला. मग माझ्याकडे वळलात. "घरच्याले माहीत असते, कोणतं भांडं कुठं पोळते थे. बाहेरच्यांले कोण सांगन?"

आणि मला गोदामात पिटाळलंत, पास झालेला गंज आणायला. त्यानंतर आपल्या घरातलं नापास भांडं उंबऱ्याबाहेर गेलं नाही. उसनंसुद्धा नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की आता स्टीलचं सांगायचं आहे.

जर्मन मागे पडत चाललं होतं, वहिनी. तुम्हीच म्हणायचात, लग्नात आता स्टीलच मागतेत. दादानं जुने लेथ हलवून स्टीलचा पत्रा दाबून भांडं काढणारा प्रेस बसवला. आबाजी असते तर प्रेसच्या आवाजालाही नावं ठेवली असती, बारीक आहे म्हणून. पहिल्या गंजाची घडण मी केली. तो चालला तर कारखाना चालला, नाही तर तुमच्या विलासनं कुठंतरी नोकरी बघायची आणि दादानं अंगणात बसून राहायचं, इतकं साधं होतं ते. पहिला नग तुमच्यापुढे ठेवला आणि इंटरच्या निकालाच्या दिवशी उभा होतो तसा बाजूला उभा राहिलो.

तुम्ही गंज हातात घेतलात. काठावरून बोट फिरवलंत, सावकाश, पूर्ण एक फेरा. या खेपेला मी काठ दिला होता. गोल, भरीव, बाहेर वळवलेला. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी छताकडे. मी हरलो असं तुम्ही म्हणाला नाहीत. मीही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. काठ तुमच्यासाठी दिला आहे, एवढं सरळ वाक्य होतं. इतकी बडबड मी जन्मभर केली आणि नेमकं तेवढंच करायचं राहिलं.

भात झाला. वरण झालं. दूध चालू होतं. "पाहून राहिली मी." आणि मग ती दुपार.

तुम्ही गेल्यावर प्रेस बंद राहिला. सुतक होतंच, पण कामगारांना कामावर घेतल्यावरही दादानं कळ दाबू दिली नाही. पत्रा येऊन पडलेला, लग्नसराई तोंडावर. विलासनं एकदा माझ्याजवळ विषय काढला. तुमचा लेक, तुमच्यासारखाच, घाव घालायच्या आधी आवाज मऊ करतो. "काका, आई होती तोवर ठीक होतं. आता कोण पास करणार? बाबांना सांगा न तुम्ही." मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तिनं सांगितलं नाई." बस. 

वर तेरवीचं आलं. आल्या-गेल्याला तुमच्या नावानं एक भांडं द्यायचं. कोणतं द्यायचं? जर्मन आता कोणी घेत नाही, आणि आपलं स्टील पास झालेलं नाही. म्हणजे भांडी बनवणाऱ्याच्या घरच्या बाईच्या तेरवीला दुसऱ्याच्या दुकानातून भांडी आणायची! विलास म्हणाला, निदान तो नमुना तरी बघू, आईनं त्यात काय काय केलं त्यावरून अंदाज येईल. तर नमुनाच सापडेना.

मी आणि विलासनं स्वयंपाकघर पालथं घातलं. माझी सगळी अक्कल एकेक करून बाहेर आली. कललेला गडवा, झाकण रुसलेला डबा. किटली तुम्ही फुलदाणी म्हणून देव्हाऱ्याजवळ ठेवली होतीत हे मला माहीतच नव्हतं. तोटी भिंतीकडे वळवून. विलास म्हणाला, "काका, आता रडू नका, आधी गंज शोधा." त्याचेही डोळे धड नव्हते. गंज नव्हता.

तेवढ्यात सुशीलाबाई आल्या. दारातच थांबल्या, संकोचून.

"माझा गंज राहून गेला जी इथं. थ्या दिवशी मी पिठलं नव्हतं का आणलं?"

पहिल्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. त्यांनी पिठलं-भाकर आणली होती, आणि दादानं तोंडात घास धरावा म्हणून मीच वाढलं होतं. "कोणता गंज?" मी विचारलं.

त्यांनी तुळशीजवळ बोट दाखवलं. पालथा, घासून लख्ख, काठ जमिनीला टेकवून. वहिनी, तो माझाच गंज होता. त्यातलं पिठलं मी सांडशीनं उचलून पंगतीभर वाढलं होतं. इतके दिवस मी रोज सकाळी त्यातून तुळशीला पाणी घालत होतो. सगळा कारखाना ज्याच्यासाठी अडून बसलेला, आणि घडवणारा त्याला हातात धरून अंगणात फिरतोय. मूर्खपणात माझा हात धरणारा अजून जन्मायचा आहे.

"हा तुमचा?" मी जरा जोरातच म्हणालो असेन. दादा बाहेर आला, मागून प्रेसवरचे मिस्त्री आले, विलास आला.

सुशीलाबाई घाबरल्या. "चोरला नाई जी मी! बाईंनीच दिला मले. आदल्या दिवशी. घरी नेऊन वापर म्हणे."

"काय म्हणाल्या? जसंच्या तसं सांगा."

"काय म्हणतेत? म्हणे, भात चांगला होते वं याच्यात. हाती धरला तर समजतही नाई, काठ असा आहे म्हणे. दूध मात्र बुडाले लागते, ढवळत राहजो, सोडून जाजो नको."

 मग विलास हळूच म्हणाला, "म्हणजे पास."

"दूध लागते म्हणाली," दादा म्हणाला.

"पण घराबाहेर दिला न, बाबा! आईनं नापास भांडं कधी उंबऱ्याबाहेर दिलं?"

"लागते म्हणून सांगितलंही न तिनं."

ते दोघं बराच वेळ तसे घोळत राहिले, आणि मी गंजाचा काठ धरून उभा. मला तर दोघांचंही पटत होतं. तुम्ही नियम मोडला नव्हतात. सुशीलाबाईंना घरचं धरलं होतंत, एवढंच. कुठं पोळतं ते सांगून दिलं होतंत.

दादानं गंज माझ्या हातून घेतला. काठावरून बोट फिरवलं. तुमच्यासारखंच, पूर्ण फेरा. त्याला हे कधी शिकवलंत? मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाहेरच्यांले कोण सांगन गा?"

म्हणजे त्यालाही ते वाक्य पाठ होतं.

"मी सांगतो," मी म्हणालो.

दादा मिस्त्रींकडे वळला. "पाठवा," म्हणाला, आणि प्रेसकडे गेला.

काल अंगणात मंडप होता. जेवणं झाल्यावर माणसं निघायला लागली तसा मी दाराशी गंजांची उतरंड लावून बसलो. एकेकाच्या हातात गंज देत होतो आणि सांगत होतो, "भात चांगला होतो यात. दूध तापवताना मात्र ढवळत राहा, बुडाला लागतं." पहिल्या दोघांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. तुमचे ते रामटेकचे मामा, हातात गंज, कपाळावर आठी, मोठ्यानं म्हणाले, "याले काय झालं गा? तेरवीत दुधाचं काय काढलं यानं?" मी त्यांनाही सांगितलं, भात चांगला होतो मामा, दूध ढवळत राहा. एक म्हातारी गंज परत ठेवून जायला लागली, लागतं तर देता कशाला म्हणून. तिला पुन्हा समजावलं. तुमची धाकटी बहीण शेवटी आली. तिला सांगितलं तर तिनं गंज उन्हाकडे धरून बघितला, अगदी आबाजींसारखा, आणि विचारलं, "अन् वरण?"

"वरणाचं काही म्हणाल्या नाहीत. म्हणजे बरं असावं."

ती हसली. मग तिथंच, गंज पोटाशी धरून, मंडपाच्या खांबाला टेकून रडायला लागली. मी पुढच्याला गंज दिला. भात चांगला होतो. दूध ढवळत राहा. सांगायचं कबूल केलं होतं ना.

पुढच्या घडणीचं बूड जाड करायचं विलासनं ठरवलं आहे, दूध लागू नये म्हणून. त्याच्या बायकोनं पहिला नग चुलीवर घ्यावा असं त्याच्या मनात आहे. लग्न व्हायचं आहे त्याचं अजून. होईल. त्याला बघायला येतील तेव्हा पोहे कोणत्या ताटात द्यायचे हे मात्र मी ठरवणार.

आज सकाळी पहिल्यांदाच घरात फक्त आम्ही घरचे. पाहुणे गेले, विलास दुकानात गेला. चहा मी ठेवला. मांडणीवर इतकी भांडी, आणि माझा हात गेला त्या लहान बिनकाठाच्या गंजाकडेच. चहा उकळला. मी पंच्याचं टोक गुंडाळलं, धरला, आणि असा पोळलो, की निम्मा चहा ओट्यावर. मांजरसुद्धा आलं नाही.

दादा अंगणात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. एवढ्या वर्षांत त्यानं ना माझ्या गंजाविषयी कधी काही म्हटलं, ना तुमच्या चहाविषयी. मी ओटा पुसला, उरलेल्यात पाणी-दूध घातलं, पुन्हा ठेवला. पुन्हा उकळला. मी पुन्हा पंचा गुंडाळायला लागलो, तर वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"डावीकडून धर गा. ती डावीकडून धरे."

डावीकडून धरला, वहिनी. तरी जरासं पोळलंच.